किल्टातले भरमाअण्णा

आम्हाला भरमाअण्णांचा पहिला संशय आला तो वाळत घातलेल्या कपड्यांवरून. अनगोळात आमच्या शेजारच्या चौगुल्यांच्या गच्चीवर, दोरीला एक जाडजूड, चुण्याचुण्यांचा, हिरवट-करड्या चौकड्यांचा घागरा लोंबत होता. पाणी निथळून खाली कुंडीत पडत होतं. माझ्या सासूबाईंनी आमच्या गॅलरीतून तो निरखून पाहिला आणि निकाल दिला, "स्वातीचा शाळेतला स्कर्ट असंल."

चौगुल्यांची स्वाती तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

"मग कुसुमचा."

स्वातीच्या आईनं, कुसुमवहिनींनी, उभ्या जन्मात पातळाशिवाय दुसरं काही नेसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी आणखी दोन-तीन नावं घेतली आणि शेवटी म्हणाल्या, "त्या घरात कुणीतरी बाई येऊन राहिलीया. मला संशय हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घागरा कमरेला गुंडाळून, गुडघ्याखाली लोकरी मोजे आणि पायात काळे बूट चढवून, वर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालून, हातात दुधाची किटली घेतलेले खुद्द घरमालकच फाटकातून बाहेर पडले. मधल्या पट्टीत त्यांचे दोन काळे, दणकट गुडघे उघडे होते. सासूबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

भरमाअण्णा चौगुले मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले, जैन शेतकरी घरातले. तरुणपणी बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागले. ओतून आलेला लोखंडी भाग हातोडीनं वाजवून पाहायचा, आवाजात कसर वाटली की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. तेच काम करायला ते पुढे स्कॉटलंडात अबर्डीनला गेले आणि वीसेक वर्षं तिथंच राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. कुसुमवहिनी आणि स्वाती इथंच. त्यामुळे 'चौगुल्यांचं घर' म्हणजे आमच्या गल्लीच्या लेखी दोन बायकांचं घर होतं. त्यात हा गृहस्थ कायमचा परत आला, तो असा.

किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा हा घागरा, हा शब्द आमच्या गल्लीनं दोन दिवसांत शिकून घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा किलटा केला. अण्णांचे दोन किल्ट होते. हिरवट-करडा रोजचा, आणि लाल रंगावर बारीक पिवळ्या रेघा असलेला कार्याचा. रोजच्यावर ते बँकेत जायचे, भाजी आणायचे, दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. कार्याचा बारशाला, वास्तुशांतीला, दिवाळीला.

गल्लीला नाना शंका. हे धर्म बदलून आलेत का? तिकडं दुसरा संसार आहे का? आत काय घालतात? ही शेवटची शंका कुणी उघड बोलायचं नाही, पण जिना चढताना अण्णा पुढे असले की मागची माणसं नजर जमिनीवर ठेवून चढायची. किल्टवर पुढे एक पिशवी लटकलेली असते, तिच्यात काय असतं यावर तर पैजा लागलेल्या. तिच्यात तपकिरीची डबी, चष्मा आणि बसच्या सुट्ट्या पैशांखेरीज काही नसायचं. पण तो माणूस काही सांगायचा नाही.

सांगायचा नाही याचं कारण, संशय घेण्यात तो आमच्या सगळ्या गल्लीला पुरून उरणारा होता. आयुष्यभर तेच काम केलेलं. दूधवाल्यावर संशय, गॅसच्या सिलिंडरवर संशय, रॉंग नंबरच्या फोनवर संशय. नारळ, कलिंगड, माठ, सगळं वाजवून घ्यायचे. आमच्या घराचं नवं दार बसवलं तेव्हा कौतुकानं पाहायला आले आणि दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून म्हणाले, "बाई, सुताराला पैसे दिला न्हवं? दिला असला तर ऱ्हाऊ दे मग." एवढंच. पुढं महिनाभर ते दार उघडताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मी शाळेत शिकवायची म्हणून ते मला 'बाई' म्हणत. मी त्यांना अण्णा. बोलणं कुंपणावरून. एकदा रोजच्या किल्टच्या चुण्या उसवल्या म्हणून शहापुरातल्या एका टेलरकडे ते निघाले होते. मलाही ब्लाउज शिवायला टाकायचे होते, म्हणून बरोबर गेले. अण्णांनी दुकानात शिरताच कापडाची लांबी टेपनं मोजून टेलरला दाखवली आणि एक स्टूल ओढून त्याच्या मशीनसमोर बसले.

"अण्णा, संध्याकाळी या. करून ठेवतो."

"बसतो की हितं. मला काय काम हाय?"

"गिऱ्हाईक येत्यात वो. तुम्ही असं डोळं लावून बसल्यावर माझा हात चालत न्हाय."

"हात चालू दे. कात्री चालाय नको."

टेलरनं किल्ट हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. हेच्यातलं कापड चोरून मी काय बायकोला परकर शिवू?"

"तुझी बायको शहाणी हाय," अण्णा म्हणाले. "घातला तर परत काढणार न्हाय." आणि पोटावर हात बांधून बसून राहिले. मी परत निघाले तरी उठले नाहीत.

पण दुसऱ्याला आपला कुठे संशय येईल हेही त्यांना आधी कळायचं. निपाणीकडचे त्यांचे एक नातलग एकदा आले. बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जायची वेळ आली तेव्हा पाहुणे घसा खाकरून म्हणाले, "भरमा, त्यो चामड्याचा बटवा घालून देवाम्होरं येतोस व्हय रं?" अण्णांनी बटवा काढून त्यांच्या हातात दिला. तो काळ्या मखमलीचा होता. स्कॉटलंडहून परत आल्याआल्या त्यांनी तो कुसुमवहिनींकडून शिवून घेतला होता, आणि तिकडची चामड्याची पिशवी तिकडंच देऊन आले होते. "बघ उलटसुलट करून," ते म्हणाले. "वास घेऊन बघ." मग आत गेले आणि धोतर नेसून आले. पूजेला ते कायम धोतरच नेसत. देवाचं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, माणसांचंच होतं.

आणि मग ती एक नोव्हेंबरची सकाळ. त्या दिवशी आमच्या गावात कोणता रंग अंगावर घालायचा याचा माणूस दहादा विचार करतो. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला काळा दिन पाळणाऱ्या मराठी माणसांच्या दंडाला काळ्या फिती. अण्णांचा रोजचा किल्ट नेमका दोरीवर ओला. ते कार्याचा घालून दुधाला निघाले. लाल, त्यावर पिवळ्या रेघा.

पहिल्या कोपऱ्यावर झेंडेवाली पोरं. ती खूश झाली. "इदेन्री अण्णा, भारीच!" म्हणत दोघांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, व्हिडिओ काढला. अण्णांनी कन्नडात सांगितलं, की मी दूध आणायला चाललोय. दुसऱ्या कोपऱ्यावर काळ्या फितीवाले, निम्मे आमच्याच गल्लीतले. ती पोरं फोटो काढताना हे बघत होते. त्यातला एक म्हणाला, "काय अण्णा, तिकडं गेला व्हय शेवटी?"

"दूध आणाय गेलतो," अण्णा मराठीत म्हणाले.

दोन्हीकडे खरं तेच सांगितलं. दोन्हीकडे कुणाचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत इकडचे म्हणत होते, अण्णा फितूर झाला. आणि त्याचं अस्खलित मराठी कुणीतरी ऐकल्यावर तिकडचे म्हणू लागले, म्हाताऱ्यानं आपली टिंगल केली. संध्याकाळी साध्या कपड्यातला एक पोलीस चौकशीला आला. अण्णांनी त्याला फाटकाबाहेरच उभं केलं.

"तुम्ही पोलीस कशावरनं?"

त्यानं ओळखपत्र काढलं. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं, फोटो पाहिला, माणूस पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "हेच्यात मिशी न्हाय."

"नंतर ठेवली वो."

"का?"

तो पोलीस चहासुद्धा न घेता गेला. मी कुंपणाशी उभी राहून हसत होते. स्वाती मात्र जिन्यात उभी होती आणि हसत नव्हती. हातातला मोबाईल तिनं माझ्यापुढे धरला. कोपऱ्यावरच्या पोरांनी काढलेला व्हिडिओ तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला होता. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी वाचलं आणि फोन परत दिला.

त्या दिवाळीला फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा मी धीर करून विचारलंच, "अण्णा, खरं सांगा, हे का घालता?"

या प्रश्नाला प्रत्येकाला त्यांनी वेगळं उत्तर दिलेलं होतं. बँकेत सांगितलं होतं, मांडीला खाज येते. डॉक्टरांना सांगितलं, हवा लागते. मला वाटलं, मलाही असंच काहीतरी मिळेल. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी विचारतेय ती कुणाच्या सांगण्यावरून, हे ते तपासत असावेत.

"तिकडं लई दिवस मी पँटच घालत होतो," ते म्हणाले. "दुकानात गेलो की दुकानदार माझ्या हाताकडं बघायचा. बसमध्ये बाई पर्स जवळ घ्यायची. वाईट न्हवती माणसं. पण बघायची. मग आमच्या कारखान्यातल्या एकाच्या पोरीचं लगीन आलं. त्यांच्यात लग्नाला बापय सगळं हेच घालत्यात. मला म्हणाला, तूबी घाल, भाड्यानं मिळतंय. घातलं. लाजत लाजत आत गेलो. आणि बाई, एकानंबी माझ्याकडं बघितलं न्हाय. एक म्हातारा बाकावर सरकला, जागा दिली, आणि त्याच्या गुडघ्याचं दुखणं सांगत बसला. बास."

"पण इथं तर सगळे बघतात."

"हितं काय, पँट घालून आलो तवाबी बघतच होते. रजेवर आलो की गल्लीत पोरं इचारायची, कुणाकडं आलाय? मग म्हटलं, बघायचंच हाय तर बघू देत."

कुसुमवहिनी आतून लाडवाची वाटी घेऊन आल्या आणि विषय तिथंच थांबला.

स्वातीचं लग्न ठरलं ते निपाणीच्या मगदुमांकडे. स्थळ माझ्याच ओळखीतून आलं होतं. मुलगा अभय इंजिनियर, वडील बाबासाहेब तंबाखूच्या व्यापारातले, घरात एक आजी. बोलणी सरळ झाली. अण्णांनी मुलाला तेवढे तास-दीड तास प्रश्न विचारले, पण तो हसतमुखानं उत्तरं देत राहिला. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "पास."

मग एके दिवशी कुसुमवहिनींनी निरोप सांगितला. मी तिथंच होते, रुखवताची यादी करत. "निपाणीकडनं सांगणं आलंय," वहिनी भांडी पुसत म्हणाल्या, "लग्नात तुम्ही साधा पोशाख करावा म्हणं. त्यांच्यात मोठी माणसं येणार."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"तिकडचीच."

"तिकडचं कोण? बाप का पोरगा का चुलता?"

"मला काय ठाऊक? निरोप आला."

"कुणाच्या फोनवर?"

वहिनी भांडी घेऊन आत गेल्या. अण्णांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "बाई, स्थळ तुमचं. तुम्हाला बोलले काय ते?" मला कुणी काही बोललं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेपर उचलला, पण पान उलटलं नाही.

त्याच संध्याकाळी स्वाती आमच्या गच्चीवर आली. कठड्याला टेकून उभी राहिली.

"काकू, तिकडून कुणी काही म्हटलेलं नाही. मीच आईला तसं सांगायला लावलं."

मी दोरीवरचा कपडा काढता काढता तिच्याकडे वळले.

"मी लहान असताना बक्षीस समारंभाला ते नव्हते. दहावीला नव्हते. मला टायफॉइड झाला तेव्हा नव्हते. आता आले, तर सगळं गाव त्यांच्याकडेच बघतंय. लग्नात तरी लोकांनी माझ्याकडे बघावं की नको? एकच दिवस मागतेय मी." तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "आणि तोंडावर सांगायचं तर... सांगायला मला ते तेवढे माहीतच नाहीत."

मला तिचं चुकलं असं म्हणवेना. अण्णांचंही म्हणवेना.

दोन दिवसांनी अण्णा निपाणीला पत्रिका द्यायला निघाले. कुसुमवहिनींनी मला हातच जोडले. "बाई, तुम्ही जावा ह्यांच्यासंगं. तिथं काय इचारतील न्हेम न्हाय. खोटं उघडं पडलं तर पोरीला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

अण्णा कार्याचा किल्ट घालून निघाले होते. सरळ भांडायलाच. बसमध्ये सगळ्या माना वळल्या. कंडक्टरनं तिकीट देताना दोनदा खाली पाहिलं. काकती मागं पडली, घाट उतरला, तरी अण्णा समोरच्या सीटच्या दांड्याला धरून ताठ बसले होते. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. त्यांनी विचारलंच तर मध्ये काय बोलायचं, विषय कुठे न्यायचा. एकही वाक्य जमलं नाही.

मगदुमांच्या घरी स्वागत झालं, पाणी झालं, पत्रिकेला हळदीकुंकू लागलं. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. मला त्यांची ती बसायची तऱ्हा ठाऊक होती. टेलरसमोर ते असेच बसले होते. "बाबासाब," ते म्हणाले, "एक इचारायचं होतं."

"इचारायच्या आधी माझं एक ऐका," बाबासाहेब म्हणाले. "रागावणार नसाल तर. लग्नात तुम्ही हेच घालून यायचं बघा. आमची आई तुमचा व्हिडिओ बघून बसलीया. रोज इचारत्या, त्यो घागऱ्यातला पाव्हणा खराच येणार न्हवं? आई, ये गं भाईर, आलेत बघ!"

आजी काठी टेकत बाहेर आल्या, अण्णांच्या गुडघ्यांकडे पाहून तोंडाला पदर लावून हसल्या आणि जवळ बसून किल्टचं कापड बोटांनी चाचपू लागल्या. "लोकर हाय व्हय? लई ऊब असंल."

मी अण्णांकडे पाहायचं टाळत होते. आता ते म्हणणार, मग तो निरोप कुणी धाडला? एवढंच विचारायचं होतं त्यांना. पाऊण जिल्हा ओलांडून ते त्यासाठीच आले होते.

"तेच सांगाय आलतो," अण्णा म्हणाले. "लग्नात मी धोतर नेसणार हाय. मांडवात उकडतंय हेच्यात. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं. मागनं गैरसमज नको."

बाबासाहेबांनी आग्रह केला. आजींनी तर हात धरला. अण्णा हसत राहिले आणि नाही म्हणत राहिले. जेवून आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत अण्णांनी समोरचा दांडा सोडला नाही. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाई, घरात काय सांगू नका. तिकडची अट हाय असंच ऱ्हाऊ दे."

"तुम्हाला कळलं होतं?"

"निरोप सांगताना तिची आई माझ्याकडं बघत न्हवती. त्याच वक्ताला कळलं."

"मग एवढ्या लांब कशाला आलात, अण्णा?"

त्यांनी मखमली बटव्यातून तपकिरीची डबी काढली, उघडली आणि तशीच मिटून परत ठेवली.

"वाटलं, माझा संशय खोटा निघंल," ते म्हणाले. "जल्मात पयल्यांदाच तसं वाटलं बघा. त्यांनीच निरोप धाडला असता तर किती बरं झालं असतं. भांडून आलो असतो."

लग्नात अण्णा पांढरंशुभ्र धोतर, कोट आणि फेटा अशा वेशात होते. अगदी चारचौघांसारखे. गल्लीतल्या लोकांनी त्यांना शोधलं आणि पहिल्यांदा ओळखलंच नाही. स्वाती सुंदर दिसत होती आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. अण्णा मांडवाच्या खांबाजवळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होते आणि स्वयंपाक्याच्या तुपाच्या डब्यांवर नजर ठेवून होते.

जेवणाच्या पंगतीआधी मगदुमांच्या आजी काठी टेकत नवरा-नवरीपाशी आल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं पोरी, तुझ्या बाऽनं शेवटी घागरा घातला न्हाय? आमच्या बाबासाबानं हात जोडून सांगितलं, मी हात धरून सांगितलं, तरी ऐकलं न्हाय!"

स्वातीच्या हातातला हार तसाच राहिला. तिनं खांबाकडे पाहिलं. अण्णा तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "आज्जी, धुवाय टाकला वो. वाळला न्हाय अजून!"

मांडव हसला. स्वाती हसली नाही. ती आपल्या वडिलांकडे नुसती बघत राहिली, जणू ते आताच आले होते. नंतर पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडली, आणि अण्णांपुढे नुसती उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडीचं टायर बघून घे. मागचं मला जरा बसल्यासारखं वाटतंय."

त्यांच्यात पुढे याबद्दल काही बोलणं झालं का, मला माहीत नाही. झालं नसावं असाच माझा संशय आहे. वर्षभरानं अण्णा आणि कुसुमवहिनी निपाणीला राहायला गेले, मुलीच्या घराजवळ. अनगोळातलं घर भाड्यानं दिलं. भाडेकरूला अण्णांनी इतके प्रश्न विचारले, की तो घर न घेताच निघाला होता. पुढच्या थंडीत अण्णा गेले. मला उशिरा कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, निपाणीतच. कोल्हापूरला चालले होते. बस स्टँडातून वळून बाहेर पडली आणि समोर रहदारीत अडकून थांबली. माझ्या खिडकीशेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. चालवत होती स्वाती. मागे अण्णा होते, हिरवट-करड्या किल्टमध्ये. पाय दोन्हीकडे टाकून बसायची सोय नव्हती, म्हणून बायका बसतात तसे एका बाजूला बसले होते, गुडघे जुळवून, एक हात मांडीवरच्या चुण्यांवर दाबून. दुसरा हात त्यांनी लेकीच्या खांद्यावर ठेवला होता. चहाच्या गाड्यावरची माणसं कप हातात धरून बघत होती. दोन पोरांनी मोबाईल काढले.

स्वातीनं त्या पोरांकडे एकदा पाहिलं, मग मान मागे वळवून म्हणाली, "आप्पा, नीट धरा. वाऱ्यानं उडतोय."

मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. अण्णांनी वर पाहिलं. उन्हामुळे त्यांना मी दिसले नसणार. बसच्या खिडकीतून कुणीतरी अनोळखी बाई आपल्याला हात का करतेय, याचा संशय त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला. त्यांनी मुलीच्या खांद्यावरची पकड घट्ट केली आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. रस्ता मोकळा झाला, तिनं स्कूटर पुढे काढली, आणि ती दोघं बघ्यांच्या मधून निघून गेली.